पहिला फिल्म कॅमेरा घेताना पैसे कशात घालावेत

माझ्या पहिल्या फिल्म कॅमेऱ्यातून निघालेल्या पहिल्याच रोलच्या जवळपास सगळ्या चित्रांवर एका कडेने नारिंगी-तांबूस पट्टे उमटले होते. कॅमेरा दिसायला देखणा होता, विकणाऱ्याने तो उत्तम स्थितीत असल्याचे छातीठोकपणे सांगितले होते आणि साठवलेली बहुतेक सगळी रक्कम मी एकट्या बॉडीवर घालून बसले होते. दोष निघाला मागच्या झाकणाच्या खाचेतल्या फोमच्या पट्टीत. इतक्या वर्षांत तिचा काळा, चिकट लगदा झाला होता आणि फटीतून प्रकाश आत झिरपत होता. पट्टे नारिंगीच का, हे नंतर उमगले: रंगीत फिल्ममध्ये लाल प्रकाश टिपणारा थर सर्वांत खाली, म्हणजे पाठीच्या बाजूला असतो, त्यामुळे मागून शिरलेला प्रकाश आधी त्याच थराला गाठतो. लगदा खरवडून स्पिरिटने खाच पुसणे आणि नवा फोम चिकटवणे हे एका संध्याकाळचे काम होते. पण दुसरा रोल घ्यायला पैसे उरले नव्हते आणि खरा मनस्ताप तोच होता.

तेव्हापासून कोणी विद्यार्थी सल्ला विचारायला आला की मी आधी त्याच्याजवळच्या रकमेचे दोन भाग करायला सांगते. निम्मी रक्कम रोल आणि डेव्हलपिंगसाठी बाजूला ठेवायची आणि उरलेल्या निम्म्यात बॉडी व एकच लेन्स बसवायची. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर बॉडीतच असतो, म्हणून तिथे बॉडीवर खर्च करण्याला अर्थ आहे. फिल्म कॅमेऱ्यात मात्र चित्राचा पोत फिल्म आणि लेन्स ठरवतात. बॉडीने आतला अंधार राखावा, फिल्म सपाट धरावी आणि शटर ठरल्या वेळेपुरते उघडावे, यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा नसते. नावाजलेल्या मॉडेलसाठी दुप्पट पैसे मोजले म्हणून निगेटिव्ह दुपटीने चांगली येत नाही.

पेंटॅक्स के१००० हे याचे चांगले उदाहरण आहे. १९७६ ते १९९७ अशी दोन दशके तो बनत राहिला. त्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक असून बॅटरी लागते ती केवळ प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या काट्यासाठी. त्याच १९७६ सालचा कॅनन एई-१ बॅटरी संपली की शटरच सोडत नाही. म्हणून तो वाईट ठरत नाही, पण एका बॅटरीवर सगळा दिवस अवलंबून आहे हे ठाऊक असावे. आणि ज्यांना धातूच्या जुन्या कॅमेऱ्यांचे आकर्षण नाही (मला ते आहे, हे कबूल करते), त्यांनी कॅनन ईओएस ३०० किंवा निकॉन एफ८० यांसारखे २००० सालच्या आसपासचे ऑटोफोकस कॅमेरे जरूर पाहावेत. प्लॅस्टिकच्या बॉडीमुळे त्यांना फारसे कोणी विचारत नाही, म्हणून ते स्वस्त पडतात. शिवाय ईओएसवर घेतलेली ईएफ लेन्स पुढे त्याच कंपनीच्या डिजिटल एसएलआरवरही चालते. मात्र आतले सर्किट गेले की दुरुस्तीची आशा ठेवू नये.

कॅमेरा हातात घेतल्यावर मागचे झाकण उघडावे, फोमला नखाने हलकेच टोचून पाहावे आणि लेन्स उजेडाकडे रोखून १/१००० सेकंदावर शटर सोडावे. क्षणभर दिसणारी चौकट पूर्ण आणि सारखी उजळ असली पाहिजे. एक कड काळी राहत असेल तर शटरचा पडदा रेंगाळतो आहे असे समजावे. मग एक सेकंदावर सोडून नुसते ऐकावे. चक्रांचा आवाज मध्येच अडखळला तर जुने वंगण घट्ट झालेले असते.

लेन्सच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: ५० मिमी, एफ १.८ किंवा एफ २ (मिमी हे लेन्सचे नाभीय अंतर, आणि एफचा आकडा जितका लहान तितके प्रकाश आत घेणारे छिद्र मोठे). एके काळी ती बहुतेक कॅमेऱ्यांबरोबरच मिळत असे, म्हणून आजही मुबलक आणि स्वस्त आहे. एफ १.४ चा मोह अनेकांना होतो, पण एफ २ च्या तुलनेत तिथे मिळतो तो एकच स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, आणि २०० ऐवजी ४०० आयएसओची, म्हणजे प्रकाशाला दुप्पट संवेदनशील फिल्म भरली की तो तसाही मिळतो. शिवाय एफ १.४ वर फोकसचा पट्टा इतका अरुंद असतो की नवशिक्याची पापणी स्पष्ट आणि डोळा धूसर, असे हमखास होते.

लेन्स तपासताना ॲपर्चर, म्हणजे आतले पात्यांचे छिद्र, पूर्ण उघडून मागून तिरका टॉर्च मारावा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्यावेत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी असते आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी ठेवून परत यावे. ॲपर्चरची पाती चटकन मिटली पाहिजेत. ती आळसावल्यासारखी हलत असतील तर त्यांवर तेल आलेले असते. पुढच्या भिंगावरचा एखादा ओरखडा चालतो, मागच्या भिंगावरचा मात्र चालत नाही.

माझी दुसरी लेन्स, २८ मिमी एफ २.८, मी अकराव्या रोलनंतर घेतली, तोवर माझ्याकडे के१००० आला होता. त्या लेन्सबरोबर मी पुढची टोपीही हट्टाने मागून घेतली, कारण के१००० ला मीटर बंद करण्याचे बटणच नाही. लेन्सवर टोपी चढवली की काटा खाली पडतो आणि बॅटरी वाचते.