आमची वाटचाल: तीन सर्व्हर, डबा एकच

स्टोरेजच्या धंद्यात आम्ही दोघे उतरलो, मी आणि माझा कॉलेजातला मित्र. 2011 मध्ये रेड हॅटने ग्लस्टर कंपनी विकत घेतली तेव्हा आम्ही पुण्यात ग्लस्टरएफएस बसवून देत होतो, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच साठा करणारं तिचं फुकट सॉफ्टवेअर. वाटलं, आता आपलंही भलं होणार. झालंही काही वर्षं. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते 2016 बद्दल.

सदाशिव पेठेतल्या एका प्रिंटिंग प्रेसला आम्ही दोन सर्व्हरचं रेप्लिका 2 व्हॉल्यूम दिलं होतं, म्हणजे प्रत्येक फाईलची एकेक प्रत दोन्हीकडे. मालकांना मी काका म्हणतो. तिसरा सर्व्हर घ्या, असं मी एकदा म्हणालो होतो. आग्रह धरला नाही. कोटेशन फुगलं की गिऱ्हाईक पळतं, ही भीती.

दिवाळी अंकांची घाई, आणि गुरुवार. पुण्यात गुरुवारी काय होतं ते पुणेकराला सांगायला नको. लाईट गेली, डीटीपीची मशीनं इन्व्हर्टरवर चालू राहिली, पण पहिल्या सर्व्हरच्या यूपीएसने आधी मान टाकली. पुढचा अर्धा तास सगळं दुसऱ्यावर लिहिलं गेलं, मग तोही बसला. लाईट आल्यावर उठला तो पहिला. मुलांनी त्याच फायलींवर काम सुरू केलं आणि पाठोपाठ दुसरा जागा झाला. आता दोघेही म्हणतात, माझीच प्रत खरी. स्प्लिट-ब्रेन! पान उघडायला जावं तर इनपुट-आउटपुट एरर.

चार रात्री आम्ही तिथेच. गेटएफॅटर ही कमांड चालवून प्रत्येक फाईलचे एएफआरचे (ग्लस्टरचा प्रती जुळवणारा भाग) आकडे बघायचे, कोणत्या ब्रिकने (सर्व्हरवरची साठ्याची जागा) कोणाच्या नावावर किती बाकी मांडलीय ते उधारीच्या वहीसारखं वाचायचं, आणि काकांना विचारायचं, यातलं कुठलं पान ठेवू?

त्याच आठवड्यात शहरातली एक मोठी कंपनी गुळगुळीत ब्रोशर घेऊन काकांकडे हजर. ‘फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं की असंच व्हायचं.’ त्यांच्या डब्यातही लिनक्सच होतं, पण ते कोण सांगतो! आमची दोन गिऱ्हाइकं त्यांनी नेली. दिवाळीनंतर माझा भागीदारही तिकडेच पगारावर गेला. जाताना भेटला होता, नीट बोलला, त्याबद्दल तक्रार नाही. (आहे, पण ती इथे नको.) काका मात्र हलले नाहीत. म्हणाले, “तू चार रात्री इथे सतरंजीवर झोपलास. ते आले असते का?”

घडलेलं पुन्हा घडवून पाहायचं होतं आणि तीन सर्व्हरचे पैसे नव्हते. मग एक जुनं वर्कस्टेशन घेतलं, 32 जीबी रॅमचं, आणि त्यावर डॉकरचे तीन कंटेनर, म्हणजे एकाच मशीनवर वेगवेगळ्या सर्व्हरसारखे वागणारे तीन कप्पे. ब्रिक कंटेनरच्या आतल्या थरात ठेवायची नाही, हे पहिलं. ट्रंकेट कमांडने दहा-दहा जीबीच्या तीन पोकळ फायली केल्या, प्रत्येकीवर आयनोड 512 ठेवून एक्सएफएस फाइल सिस्टीम, लूप माउंट (फाईलच डिस्क म्हणून जोडणं), आणि तो आत दिला. कंटेनर प्रिव्हिलेज्ड, म्हणजे जादा हक्कांचे लागतात, कारण ग्लस्टर आपल्या खुणा ‘ट्रस्टेड’ ॲट्रिब्यूटमध्ये लिहितो आणि साध्या कंटेनरला तो हक्क नसतो.

दोन दिवस गेले ते भलत्याच कारणाने. इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, करण्याआधी मी आत ग्लस्टरडी (ग्लस्टरची मुख्य सेवा) चालवून थोडं खेळून पाहिलं होतं. त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, इमेजमध्ये राहिला आणि तिन्ही कंटेनर एकच जन्मदाखला घेऊन उठले. एकाला दुसरा जोडायला पिअर प्रोब करावं तर म्हणे, हा तर मीच! इमेजमधली ग्लस्टरडी.इन्फो उडवा, आणि प्रत्येक कंटेनरची व्हार-लिबमधली ग्लस्टरडीची डिरेक्टरी बाहेर ठेवा, नाहीतर नवा कंटेनर स्वतःचं नावगाव विसरतो.

मग तोडफोड. एका कंटेनरचं नेटवर्क तोडा, लिहा. दुसऱ्याचं तोडून पहिल्याचं जोडा, त्याच फाईलवर पुन्हा लिहा. काकांकडचा गुरुवार दहा मिनिटांत टेबलावर हजर. डॉकर पॉज करून कंटेनर थांबवला तर माउंट 42 सेकंद गोठतो. क्लस्टर मेला समजून लोक इथेच घाबरतात आणि पिंग-टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची ही मुदत, कमी करतात. करू नका. या डब्यावरचे वेगाचे आकडेही गिऱ्हाइकाला दाखवू नका: तिन्ही ‘सर्व्हर’ एकाच कर्नलवर आणि एकाच डिस्कवर बसलेले असतात. आणि डॉकर किल म्हणजे लाईट जाणं नव्हे. प्रोसेस मरते, पण डिस्कवर न उतरलेलं लिखाण होस्टच्या मेमरीत सुखरूप राहतं. त्यासाठी वायरच उपटावी लागते. आम्ही उपटतो.

या डब्यावर महिनाभर छळून मग काकांकडे आर्बिटर, म्हणजे निवाडा करणारा तिसरा, बसवला. त्यात फायलींची फक्त नावं आणि मेटाडेटा, मजकूर शून्य, त्यामुळे काउंटरखालचा जुना डेस्कटॉप पुरला. दोन प्रती भांडल्या की तिसरा साक्षीला. तेव्हापासून गुरुवार शांत आहेत.

त्या मोठ्या कंपनीचा एक माणूस तेव्हा कुणापाशी म्हणाला होता, “हे लोक लॅपटॉपवर खेळणी चालवतात.” लॅपटॉप नव्हताच, वर्कस्टेशन होतं. आणि आज सेफ या दुसऱ्या स्टोरेज सॉफ्टवेअरची सेफएडीएम ही व्यवस्था त्याचे सगळे डीमन (मागे चालणाऱ्या सेवा) कंटेनरमध्येच चालवते, तेही गिऱ्हाइकाकडच्या खऱ्या सर्व्हरवर.

2024 च्या अखेरीस रेड हॅटने ग्लस्टर स्टोरेजचा सपोर्ट संपवला. आता त्याच डब्यावर सेफचे ओएसडी (डिस्क सांभाळणारे डीमन) उठवतो आणि पाडतो. फॅनचा आवाज वाढलाय. काकांना म्हटलं, आता आपणही बदलू. ते म्हणाले, “चालतंय ना? दिवाळी अंक होऊन जाऊ देत.”