तुम्ही विचारलंत म्हणून : मानतोस का?

प्रश्न नेहमी दोन तुकड्यांत येतो. पहिला तुकडा, "तू पंचांग मानतोस का?" मी नाही म्हटलं की दुसरा: "मग त्याचं सॉफ्टवेअर लिहितोस कशाला, आणि तेही फुकट?" गणपतीत मुंबईहून आलेले चुलते विचारतात, पुण्यातले जुने सहकारी विचारतात, ऑनलाइन अनोळखी माणसं तर रोज विचारतात. नास्तिकांच्या लेखी मी अंधश्रद्धेचा पुरवठादार आहे. आस्तिकांच्या लेखी तिथी-नक्षत्रांवर हात चालवणारा पाखंडी. धंदा कळणाऱ्यांच्या लेखी सरळ मूर्ख. तिघांनाही आतापर्यंत दोन ओळींत उत्तर देऊन वाटेला लावलं. आज सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हे पाठवता येईल.

सुरुवात पंचांगातून झाली नव्हती, कालवांतून झाली होती, म्हणजे समुद्रातल्या खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतून. आमचं गाव हर्णैच्या अलीकडे. आजोबांना घड्याळापेक्षा तिथी जवळची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांनी मला बोटांवर शिकवलं. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. अवस-पुनवेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा. तेव्हा भर दुपारी उधाण, आणि संध्याकाळी पाणी इतकं मागे जातं की एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. कालवं काढायला उतरायचं ते त्या वेळेला. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं मागे जात नाही, तेव्हा उतरून फारसा उपयोग नाही.

हा हिशोब जमतो कारण तिथी ही चंद्र-सूर्यातल्या अंतराचीच मोजणी आहे. अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी. समुद्राला ओढणारेही तेच दोघे. यात मानण्यासारखं काय आहे? भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं हे तुम्ही मानता का?

हे वाक्य मी फार वेळा वापरलंय. पुढे वाचाल तेव्हा ते मला किती महाग पडलं ते कळेल.

निसर्ग वादळानंतर, 2020 च्या जूनमध्ये, पुण्याची खोली सोडून घरी आलो. पोफळी आडव्या, नारळ आडवे, वीज नाही. ती आली तेव्हा हातात वेळ होता, म्हणून आजोबांचा पाऊणपटीचा हिशोब नीट लिहून काढायला बसलो. त्यासाठी चंद्र कुठे आहे ते काढावं लागतं, आणि चंद्र सरळ चालत नाही. त्याच्या सरासरी जागेत सव्वासहा अंशांची एक मोठी दुरुस्ती, मग सव्वा अंशाची, मग पाऊण अंशाच्या आतली, अशा लहान लहान होत जाणाऱ्या कितीतरी दुरुस्त्या कराव्या लागतात. मी पहिल्या सहा घेतल्या आणि थांबलो. कालवांना तेवढं पुष्कळ होतं. तिथी वीस मिनिटं चुकली तरी भरती मिनिटभरसुद्धा हलत नाही.

मग हाव सुटली. चंद्र मिळालाच आहे तर नक्षत्रही काढू, एका ओळीचं तर काम. तीही ओळ घातली आणि सगळं एमआयटी परवान्याखाली उघडं करून टाकलं. त्या परवान्याचं म्हणणं एवढंच की काहीही करा, विका, बदला, फक्त मूळ लेखकाचं नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा.

फुकट का, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे तयार होतं. आजोबांनी मला पाऊणपट फुकटच दिली. आमच्या शेजारच्या मुरूडचा एक माणूस, शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म 1853, पेशाने शिक्षक. त्याने 1896 साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा आख्खा इतिहास मराठीत लिहून ठेवला. कोणत्या ग्रंथात वर्षमान किती, कोणाचं गणित आकाशाशी जुळत नाही, सगळं उघडं. त्या गावाच्या शेजारी राहून मी सहा दुरुस्त्यांचे पैसे घेणार होतो का? (पोट कशावर, असं विचाराल तर आंबा बागायतदारांच्या पेट्यांचे हिशोब आणि किनाऱ्यावरच्या लॉजांची बुकिंगं. त्याचे पैसे मी चोख घेतो.)

आता ती गोष्ट.

माझ्या मावसबहिणीला एक स्थळ आलं होतं. मुलगा चिपळूणकडचा, घर चांगलं, दोघं दोनदा भेटलेही होते. मुलाच्या आईने दोघांच्या जन्मवेळा मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये घातल्या. उत्तर आलं : मुलगा शततारका, मुलगी हस्त, दोघांची आद्य नाडी. पत्रिका जुळवताना नक्षत्रावरून प्रत्येकाची नाडी ठरते, आणि ती दोघांची वेगळी हवी. एक नाडी म्हणजे छत्तिसातले आठ गुण गेलेच, वर संततीची भीती. मावशीकडे मात्र गावच्या जोशीबुवांनी जन्माच्या वेळी हाताने केलेली पत्रिका होती. तिच्यात चित्रा नक्षत्र, मध्य नाडी. म्हणजे काहीच अडचण नव्हती. पण तिकडचे म्हणाले, "बुवांची चूक होऊ शकते, कॉम्प्युटर कसा चुकेल?"

आणि मग त्या घरातल्या कुणा हुशार मुलाने ॲपच्या तळाशी, जिथे कुणी कधी जात नाही अशा परवान्यांच्या पानावर, माझं नाव पाहिलं.

मावशीचा फोन आला तेव्हा मी सड्यावर होतो, तिथेच रेंज असते. "अरे, ते म्हणतायत तुमच्याच घरातल्याने लिहिलंय, मग खोटं कसं असेल?" माझ्या नावाने त्या उत्तरावर शिक्का बसला होता.

संध्याकाळी मावशीच्या पडवीत बसून मी भाषण दिलं. ते जवळजवळ पाठ होतं, चोविसाव्या वर्षापासून ऑनलाइन देत आलो होतो. जयंत नारळीकरांनी 2008 साली महाराष्ट्रात ज्योतिषांची चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, प्रत्येक ज्योतिषाला 40 दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखा म्हणून सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी 50 आली असती. मग नाडीचं काय घेऊन बसलात? काका मान हलवत राहिले. मावशीने चहा पुढे केला आणि म्हणाली, "ते सगळं बरोबर असेल. तू एवढंच सांग, नाडी एक आहे की वेगळी?"

मी म्हणालो, "तो प्रश्नच चुकीचा आहे."

रात्री घरी येऊन तपासलं. सगळ्या दुरुस्त्या घालून पुन्हा चालवलं. बहिणीच्या जन्माच्या वेळी चंद्र चित्रा नक्षत्रात सात कला आत होता (60 कला म्हणजे एक अंश). माझ्या अपुऱ्या हिशोबाने तो अकरा कला मागे धरला होता, म्हणजे हस्ताच्या शेवटच्या टोकाला. बुवा बरोबर होते. पंचवीस वर्षांपूर्वी पंचांग पुढे ठेवून त्रैराशिक मांडणारा माणूस बरोबर, आणि मी चूक.

पहाटे दोन वाजता चूक दुरुस्त करून नवी आवृत्ती टाकली. मावशीला फोन मात्र केला नाही.

इथे मला स्वतःला वाचवता येत नाही. सकाळी सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मनाने असं घेतलं की नाडी वेगळी आहे असं मी सांगायला गेलो, तर नाडीला अर्थ आहे हे कबूल केल्यासारखं होईल. काल पडवीत जे बोललो त्याचं काय? शिवाय ती चूक माझी होती, हेही सांगावं लागलं असतं. यातलं तत्त्व किती आणि लाज किती, याचा हिशोब मला आजवर लागलेला नाही. चोवीस वर्षांचा मी म्हणतो, तू ठाम राहिलास. आताचा मी त्याला विचारतो, कुणाच्या जिवावर?

चौथ्या दिवशी फोन केला. तोवर तिकडून निरोप आला होता की योग नाही. मावशीने घाईघाईने त्यांना नवं उत्तर कळवलं, तर ते म्हणाले, "आता मुलीच्या भावाने बदललं म्हटल्यावर..." वाक्य पुरं करायची गरज नव्हती. जे नाव सोमवारी पुरावा होतं, ते शुक्रवारी संशय झालं.

बहीण रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुझं तत्त्व तुला लखलाभ. मला फक्त आकडा हवा होता." नंतर केव्हातरी, मुलगा तिला फारसा आवडलाच नव्हता असंही म्हणाली. ते खरं की माझ्यासाठी, मी विचारलेलं नाही.

आणि तो आकडा तरी काय होता? सात कला म्हणजे चंद्राची तेराएक मिनिटं. प्रसूतीच्या खोलीतलं घड्याळ तेरा मिनिटं पुढे नसेल कशावरून? टिळक पंचांगाचा अयनांश, म्हणजे राशीचक्राची सुरुवात आकाशात कुठे धरायची तो आकडा, धरला तर हे सगळंच जवळपास 4 अंशांनी सरकतं, आणि बहीण चित्रात चांगली आत जाते. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीने 1955 साली अहवाल देऊन सरकारपुरता हा अयनांशाचा वाद मिटवला. लोकांपुरता मिटला नाही. मग मी जे "बरोबर उत्तर" चार दिवस दाबून ठेवलं, ते कितपत बरोबर होतं?

त्यानंतर महिनाभर माझ्यावर परवाना बदलायचं भूत होतं. "भविष्य आणि पत्रिका जुळवणीसाठी वापरण्यास मनाई" अशी ओळ लिहूनही ठेवली. मग कळलं की अशी ओळ घातली की ते ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना मोकळं सॉफ्टवेअर, राहतच नाही. कोणत्या कामासाठी वापरता यावरून भेद करायचा नाही, हे त्या व्याख्येतच आहे. डग्लस क्रॉकफर्ड नावाच्या प्रोग्रामरने आपल्या परवान्यात "हे चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको" असं एक साधं वाक्य घातलं, तर तेवढ्यावरून तो परवाना मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी बाद ठरवला. मला तो नियम तेव्हा निर्दय वाटला. आता वाटतं, मला मनाई लिहायचा हक्क मिळाला असता तर पहिली ओळ ज्योतिषांविरुद्ध आली असती. दुसरी कुणाविरुद्ध आली असती ते सांगवत नाही.

आणि बदलून उपयोग काय? मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनीही हे करून पाहिलं: इलॅस्टिकने 2021 मध्ये परवाना आवळला, हॅशीकॉर्पने 2023 मध्ये, रेडिसने 2024 मध्ये. लोकांनी जुन्या आवृत्त्या उचलल्या आणि ओपनसर्च, ओपनटोफू, वाल्की असे नवे फाटे, म्हणजे त्याच कोडवरून स्वतंत्र प्रकल्प, चालू केले. इलॅस्टिक आणि रेडिस पुढे मुक्त परवान्याकडे परतले. हे त्यांचं, ज्यांच्याकडे वकिलांची फौज. माझ्या बाबतीत तर फाटा फोडायचेही कष्ट कुणी घेतले नसते. ते ॲप बहुधा अजूनही माझी जुनी, चुकीची आवृत्तीच चालवत असेल. मी त्यांना तीनदा कळवलं. उत्तर नाही. पत्रिकेचे पैसे मात्र ते घेतात.

मला येणारी पत्रं वेगळीच असतात. "एकादशी दोन का दाखवता?" कारण एक स्मार्त आणि एक भागवत, दोन पंथांचे दोन नियम, म्हणून. "ग्रहणाची वेळ दाखवून भीती का पसरवता?" मी वेळ दाखवतो, वेध पाळायला सांगत नाही. खरं तर पहिल्या प्रकारच्या माणसांशी माझं जास्त जमतं. ती निदान आकडा तपासतात.

तर मानतोस का? भाकरीच्या पिठाचं ते वाक्य मी आता वापरत नाही. पीठ मळणाऱ्याला भाकरी कोण खाणार हे ठाऊक असतं.

गेल्या रविवारी मावशीने आणखी एक पत्रिका पाठवली. मुलगा दापोलीतलाच, शिक्षक. बहिणीला आवडलाय, हे तिने स्वतः सांगितलंय. खाली मावशीची एक ओळ : "तुझ्या त्याच्यात घालून बघ रे जरा." घातली. मुलाचं नक्षत्र अनुराधा, मध्य नाडी. बहिणीची मध्य. मुलाचा चंद्र नक्षत्राच्या सीमेपासून पाच अंश आत आहे, घड्याळावर ढकलायला जागा नाही. तिच्या त्या तेरा मिनिटांवर मात्र ढकलता येईल. घड्याळ पुढे होतं असं धरलं तर ती हस्तात जाते, आणि नाडी वेगळी होते.

आज गुरुवार. मावशीला अजून काही कळवलेलं नाही.