आधी छताचं पान काढ

आम्ही अमेरिकेत डाउनटाउनमधल्या ज्या इमारतीत भाड्यानं राहत होतो, ती कॉन्डोमिनियम होणार, म्हणजे तिच्यातली घरं एकेक करून विकली जाणार, अशी नोटीस पोस्टानं आली. नवऱ्यानं लगेच दुसरी घरं बघायला सुरुवात केली. मी नोटीस शेवटपर्यंत वाचली आणि तिच्यात आमच्या सोयीचं बरंच काही सापडलं. आमच्या राज्यातला कायदा युनिफॉर्म कॉन्डोमिनियम ॲक्ट या नमुना कायद्यावर बेतलेला आहे. त्यानुसार राहत्या भाडेकरूला घर सोडायला किमान १२० दिवस द्यावे लागतात आणि त्यातले पहिले ६० दिवस ते घर घ्यायचा हक्क फक्त त्याचाच असतो. त्यानं नकार दिला, तरी पुढचे १८० दिवस तेच घर दुसऱ्या कुणाला त्याहून स्वस्तात देता येत नाही. त्यामुळे विक्रीवाल्या बाई "बाहेर रांग लागलीय, लवकर ठरवा" असं घोकत होत्या, ते मी फारसं मनावर घेतलं नाही.

पण हे सगळं आत्ताच का? त्याचं उत्तर करसवलतीत होतं. ऐतिहासिक म्हणून प्रमाणित झालेल्या इमारतीची डागडुजी केली, की केंद्र सरकार खर्चाच्या २० टक्के इतकी करसवलत देतं. मुख्य अट ही, की इमारत उत्पन्न देणारी हवी, जसं की भाड्यानं दिलेली. डागडुजीनंतर पाच वर्षांच्या आत विकली, तर सवलत पूर्ण किंवा अंशतः परत करावी लागते. आमच्या इमारतीची पाच वर्षं नुकतीच भरली होती. जुन्या डाउनटाउनमध्ये "इथं सगळं भाड्याचंच का?" असा प्रश्न पडला, तर बऱ्याचदा त्यामागे हेच गणित असतं.

इमारत १९२०च्या दशकातली, मूळची ऑफिसांची. त्या काळी ट्यूबलाइट नव्हत्या, ऑफिसांमध्ये एसी जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे प्रत्येक टेबल खिडकीच्या जवळ असावं लागे. म्हणून इमारती अरुंद, मध्ये उजेडासाठी चौक. अशा इमारतींची घरं सहज होतात. नंतरचे काचेचे टॉवर इतके खोल, की मधल्या भागात उजेडच पोचत नाही. तरी आमच्या जुन्या इमारतीतही बेडरूम आतल्या बाजूलाच आहे. तिची भिंत छताला टेकत नाही, वरून हॉलचा उजेड यावा म्हणून. रात्री दोनला कुणी पाणी प्यायला उठलं, की दुसऱ्याच्या डोळ्यांवर दिवा! भाड्यानं राहताना हे गमतीचं वाटायचं. विकत घ्यायचं म्हटल्यावर तेवढं वाटेना.

मग डेव्हलपरकडून पब्लिक ऑफरिंग स्टेटमेंट, म्हणजे खरेदीदाराला द्यायची इमारतीची सगळी माहिती, आलं. चांगला जाडजूड गठ्ठा. डिक्लरेशन (कॉन्डोमिनियम स्थापन करणारा दस्त), उपविधी, पुढच्या वर्षाचं बजेट, इंजिनिअरचा अहवाल. हे हातात पडल्यापासून १५ दिवसांत कारण न देता करार मोडता येतो, म्हणून घड्याळ लगेच सुरू झालं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. मी त्यांना गठ्ठा दाखवला आणि फ्लोअर प्लॅनचं पान उघडलं.

"अगं, ते राहू दे," काका म्हणाले. "आधी छताचं पान काढ."

इंजिनिअरच्या अहवालात इमारतीच्या प्रत्येक मोठ्या गोष्टीचं उरलेलं आयुष्य लिहिलेलं असतं. छत, लिफ्ट, बॉयलर, दर्शनी भिंतीच्या विटांचे सांधे. काकांनी एका कागदावर हे आकडे मांडले आणि शेजारी बजेटमधली रिझर्व्ह फंडाची, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायच्या पैशांची ओळ. छताचं आयुष्य संपत आलेलं, आणि त्याच्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम नावापुरती. काकांचं म्हणणं, ही तफावत उद्या स्पेशल असेसमेंट म्हणून आमच्याच दारात येणार. असेसमेंट म्हणजे फंडात पैसे नसताना मोठं काम निघालं, की प्रत्येक मालकाकडून त्याच्या वाट्याप्रमाणे एकरकमी वसुली. कॉन्डोत तुम्ही आपल्या चार भिंतींच्या आतलं घर घेता आणि जमीन, छत, जिना, लिफ्ट यांत अविभक्त हिस्सा. महाराष्ट्रात १९७०च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली ज्या इमारती आहेत, त्यांची रचना साधारण अशीच असते, त्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्या वाट्याचा टक्का डिक्लरेशनच्या शेवटच्या तक्त्यात, बारीक अक्षरात होता.

मॅनेजरला विनंती करून काका आणि मी गच्चीवर गेलो. पाणी जायच्या जाळीभोवती काळपट वर्तुळ होतं, म्हणजे पाणी तुंबतंय. छतावरच्या वॉटरप्रूफिंगच्या पडद्याची एक शिवण नखानं उचलता येईल इतकी सुटलेली. काकांनी खरोखरच नख घालून बघितलं आणि माझ्याकडून फोटो काढून घेतले. अहवालात यातलं काही चूक लिहिलेलं नव्हतं. "समाधानकारक, देखभाल आवश्यक" या तीन शब्दांत ते सगळं बसवलेलं होतं.

यानंतर कर्जाचा फेरा आला. मला वाटलं होतं, बँक आमची कमाई बघेल. बँकेनं आधी इमारत बघितली. २०२१च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या सर्फसाइडला चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १९८१ची इमारत कोसळली आणि ९८ माणसं गेली. तेव्हापासून कर्ज देणारे इमारतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनला लांबलचक प्रश्नावली पाठवतात. बहुतेक बँका फॅनी मेचे, म्हणजे बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेचे निकष लावतात. आमच्या वेळी ते असे होते: बजेटच्या किमान १० टक्के रिझर्व्हला, दुकानं-ऑफिसांची जागा ३५ टक्क्यांच्या आत, दोन महिन्यांहून जास्त थकबाकी असलेली घरं १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. नव्यानं रूपांतर झालेल्या इमारतीला आणखी एक निकष, निम्मी तरी घरं स्वतः वापरणाऱ्यांनी घेतलेली किंवा बुक केलेली हवीत.

आमचं घोडं इथंच अडलं. निम्मी घरं बुक झाल्याशिवाय कर्ज नाही, आणि कर्जाशिवाय लोक बुक करायला तयार नाहीत. डेव्हलपरनं एक बँक सुचवली. ती कर्ज पुढे न विकता स्वतःकडेच ठेवणार होती, पण व्याज जास्त. आम्ही ते नाकारलं. त्याऐवजी लॉबीत सगळ्या भाडेकरूंना गोळा केलं. वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये फक्त मान हलवणारे लोक पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले. छताचे फोटो फिरले. कुणाला घर हवंय आणि कुणाला नाही, याची यादी झाली आणि आकडा निम्म्याच्या अगदी जवळ निघाला. मग आम्ही एकत्र पत्र दिलं, की छताचं काम विक्रीआधी करून द्या किंवा तेवढी रक्कम रिझर्व्हमध्ये टाका, आम्ही सगळे एकदम सह्या करतो. डेव्हलपरलाही निकष पार व्हायला हवाच होता. त्यानं बऱ्याच कुरकुरीनंतर छत करून दिलं. रिझर्व्हची ओळही १० टक्क्यांवर आली.

बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या. असोसिएशनचा विमा इमारतीचा, आतल्या सामानाचा आणि फिटिंगचा आपला वेगळा. तो घेताना लॉस असेसमेंटचं, म्हणजे विम्यात बसणाऱ्या नुकसानीसाठी असोसिएशननं केलेली वसुली भरून देणारं कलम मागून घ्यावं लागतं, एजंट स्वतःहून बोलत नाही. पार्किंग मालकीचं मिळालंच नाही, पलीकडच्या गॅरेजमध्ये महिन्यानं घेतलं. खिडक्यांवर मात्र अजून वाद आहे. खिडकी फक्त आमच्या वापराची, पण मालकी सामाईक, त्यात इमारत शहराच्या वारसा यादीत. त्यामुळे जुन्या लोखंडी चौकटी बदलायची परवानगी नाही. पहाटे कचऱ्याची गाडी मागं घेताना होणारं टूंटूं एकपदरी काचेतून जसंच्या तसं आत येतं. शेवटी आतून दुसरी काच बसवली, तिला कुणाची हरकत नव्हती.

कायद्याप्रमाणे ७५ टक्के घरं विकली गेली, की ६० दिवसांत असोसिएशनच्या बोर्डावरचा डेव्हलपरचा ताबा सुटतो. तसा तो सुटला आणि निवडणूक झाली. नवऱ्यानं माझं नाव मला न विचारता सुचवलं. पहिल्याच सभेत मी मेंटेनन्स वाढवायचा ठराव मांडला, कारण अहवालात छतानंतर लिफ्टचा नंबर होता. ठराव थोडक्या मतांनी पास झाला. आता लिफ्टची कोटेशनं मागवली आहेत, आणि काकांनी त्यातलं पहिलं बघून नुसतं एक उद्गारचिन्ह धाडलंय.