चार्ल्स ल्यूकस आणि जळती वात

आज २१ जून. १८५४ साली याच दिवशी बाल्टिक समुद्रात बोमारसुंडच्या रशियन किल्ल्यासमोर ब्रिटिश नौदलातल्या चार्ल्स ल्यूकसने जे केलं, ते दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

आधी तोफगोळा समजून घ्या. बिडाचा पोकळ गोळा, आत दारू, तोंडात लाकडी नळी आणि नळीत ठासलेलं सावकाश जळणारं मिश्रण. तोफ उडताना निघालेल्या ज्वाळेनेच ही वात पेटते. अंतर बघून तिची लांबी ठरवायची. ती जास्त राहिली, तर गोळा पडल्यावरही सुरसुरत राहतो. पाणी ओतलं तरी ती विझेलच असं नाही, कारण मिश्रणातला सोरा स्वतःच प्राणवायू पुरवतो.

असाच गोळा ल्यूकसच्या 'हेक्ला' या युद्धनौकेच्या डेकवर पडला. आडवे पडा, असा हुकूम सुटला. विशीतला ल्यूकस मात्र पुढे धावला, गोळा उचलला आणि समुद्रात टाकला. लगेच स्फोट झाला. जहाजावर एकही माणूस दगावला नाही. माझ्या मते इथे धैर्याइतकाच अचूक निर्णयही होता.

जहाजाचा कॅप्टन हॉल याने त्याला तिथेच लेफ्टनंट केलं. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालेला हा सर्वात पहिला पराक्रम. पदक खुद्द राणीने २६ जून १८५७ रोजी हाइड पार्कमध्ये लावलं. पुढे तो निवृत्तांच्या यादीत रिअर ॲडमिरल झाला आणि हॉलचाच जावई! मूळ पदकं मात्र आगगाडीत राहिली, ती कायमचीच. ग्रिनिचच्या संग्रहालयातला क्रॉस नंतर करून दिलेला आहे, त्याची मागची बाजू कोरी आहे.