जनरलच्या हुद्द्याची जुनी चिन्हं पारखताना

‘जनरलचा कॉलर पॅच’, म्हणजे लष्करी कोटाच्या कॉलरवरची कापडी पट्टी, म्हणून हातात येणारा ब्रिटिश तुकडा पुष्कळदा कर्नलचा निघतो. दोन्हींचं कापड लालभडक, आकारही मिळताजुळता. फरक असतो मधून जाणाऱ्या बारीक दोरीत. जनरलच्या पॅचवर ती सोनेरी जरीची, तर कर्नलच्या आणि ब्रिगेडिअरच्या पॅचवर किरमिजी असते. जुनी जर काळवंडते आणि किरमिजी रंग विटतो, त्यामुळे मंद उजेडात दोन्ही सारखेच तपकिरी दिसतात. पॅच दिवसाच्या उजेडात तिरका धरावा. जर कुठेतरी चमकतेच.

खांद्यावरच्या चिन्हांचा हिशेब सोपा आहे. एकमेकांवर तिरकी ठेवलेली तलवार आणि बॅटन, म्हणजे सेनानीचा आखूड दंड, ही जनरल दर्जाची खूण. तिच्यावर एक तारा, म्हणजे पिप, असेल तर मेजर जनरल. मुकुट असेल तर लेफ्टनंट जनरल. मुकुट आणि पिप दोन्ही असतील तर जनरल. नुसती तलवार-बॅटन पहिल्या महायुद्धातल्या ब्रिगेडिअर जनरलची. ते पद 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झालं. 1928 पासून आलेल्या ब्रिगेडिअरच्या खांद्यावर मुकुट आणि तीन पिप असतात, तलवार नसते. एवढी चिन्हं पाहून पुष्कळजण त्यालाच जनरल समजतात.

काळ ठरवायला पहिला आधार मुकुटाचा. 1901 ते 1953 या काळातल्या ट्यूडर मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर जातात. 1953 पासूनच्या सेंट एडवर्ड मुकुटाच्या कमानी मध्यावर खाली दबतात. मात्र 2022 नंतर, तिसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत, ट्यूडर मुकुट परत आला. त्यामुळे घुमटाकार मुकुट दिसला की ‘1953 च्या आधीचं’ असं म्हणायची सोय आता राहिली नाही. भारतीय लष्करात 26 जानेवारी 1950 पासून मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि पिपच्या जागी पाच टोकांचा तारा. म्हणजे 1947 ते 1950 मधल्या भारतीय अधिकाऱ्याच्या चिन्हावर मुकुट असणं बरोबरच आहे. तो पाहून वस्तू बनावट ठरवू नका. मेजर जनरलच्या संचात मात्र वेगळा मुकुटच नाही. तिथे धातू, मागची पकड आणि शिलाई यांवरूनच काळ काढावा लागतो.

पिप दहापट भिंगाखाली धरा. हा ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या ब्रिटिश सन्मानाचा तारा. मधल्या वर्तुळात तीन इवले मुकुट असतात आणि त्यांच्याभोवती ‘ट्रिया जुंक्टा इन उनो’ ही लॅटिन अक्षरं. ठशावर दाबून काढलेल्या पिपवर अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि मधली जमीन सपाट. ओतीव नकलेत अक्षरं फुगल्यासारखी दिसतात, मुकुट एकमेकांत मिसळतात आणि जमिनीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे राहतात. अस्सल नगावरून साचा घेऊन ओतलेली प्रत धातू थंड होताना आकसते, म्हणून किंचित लहान भरते. 0.1 मिमी मोजणारा कॅलिपर जवळ ठेवा आणि खात्रीच्या नगाची मापं लिहून ठेवा. झीजही बघा. वापरात झिजतात ती उंचावरची टोकं. खोलगट भागही तेवढाच गुळगुळीत असेल, तर ती झीज नाही, ओतकामाचा बोथटपणा आहे.

तलवार-बॅटनची जोडी डाव्या-उजव्या खांद्यासाठी आरशातल्यासारखी उलट असते. एकाच बाजूचे दोन नग ‘जोडी’ म्हणून आले, तर ते दोन वेगळ्या संचांतून जमवलेले आहेत.

जरीकामात नक्कल पकडणं त्या मानाने सोपं. जुनं काम चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेचं, आपल्याकडच्या जरदोजीतल्या दबक्यासारखं पोकळ वेटोळ्यांचं. ते असमान काळवंडतं: घड्यांत कमी, उघड्या कडांवर जास्त. प्लास्टिकवर धातूचा थर दिलेली आधुनिक जर पन्नास वर्षांनीही एकसारखी पिवळी राहते. मग अंधारात अतिनील टॉर्च मारा. महायुद्धानंतरच्या धाग्यांत आणि अस्तरांत उजळपणासाठी घातलेली रसायनं निळसर पांढरी चमकतात. पण जुनं कापड आधुनिक साबणाने धुतलं असेल तरी ते चमकतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. मागे सुटलेला धागा असेल तर त्याचं टोक चिमट्यात धरून जाळावं: सुताची राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते.

‘अमुक जनरलने वापरलेलं’ हा दावा सर्वांत महाग आणि बहुधा सर्वांत कच्चा. नुसत्या सुट्या पिपवरून तो सिद्ध होत नाही, मग विकणारा काहीही सांगो. कोट सोबत असेल तर आतल्या खिशातली शिंप्याची चिठ्ठी पाहा. चांगले ब्रिटिश शिंपी तिथे गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख हाताने लिहीत. चिठ्ठीवर ‘गीव्ज अँड हॉक्स’ छापलेलं असेल तर कोट 1974 च्या आधीचा नाही, कारण त्या दोन पेढ्या त्याच वर्षी एक झाल्या. मग ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्रातल्या बढतीच्या तारखा काढा. माणूस मेजर जनरल होता तो काळ आणि कोटाची तारीख यांचा मेळ बसला पाहिजे. छायाचित्रातून आणखी नेमकं सापडतं. जनरलच्या जरीकामात हाताने भरलेलं ओकचं प्रत्येक पान वेगळं वळतं, त्यामुळे स्पष्ट फोटोत पानाशी पान जुळवता येतं. एक लक्षात ठेवा: जुन्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. फोटोतला काळाकुट्ट पॅच प्रत्यक्षात लाल असू शकतो.

खांदापट्टीवरून चिन्ह काढून वेगळं विकणं हा या छंदातला सर्वांत मोठा गुन्हा आहे, असं मला वाटतं. चिन्हाखालचं न विटलेलं कापड, जुनी भोकं, पितळेचा हिरवा डाग, ही सगळी साक्ष त्या एका कृतीत जाते.

साफसफाईत हात आखडता ठेवा. पितळेच्या पॉलिशमध्ये घासणारी पूड असते. पातळ सोन्याचा मुलामा दोन-तीनदा घासून निघून जातो आणि परत येत नाही. मऊ ब्रशने धूळ झटकली की पुरे. जरीच्या पॅचला पाणी अजिबात नको: आत पुठ्ठा आणि खळ असते, लाल रंगही फुटतो. ठेवायला आम्लरहित कागद आणि पॉलिप्रॉपिलीनचे खिसे घ्या. पीव्हीसीतून निघणारी आम्लं पितळेवर हिरवा थर आणतात, रबरातलं गंधक चांदी काळी करतं, आणि ओकच्या लाकडी पेटीतल्या वाफा धातू खातात. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांत राहू द्या, उजेड 50 लक्सच्या वर नको.

लोकरी पॅचला कसर लागली तर तो पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव थेट जरीवर बसतं. खांदापट्टी ठेवायची असेल तर तिच्यावरचे मीनाकारी असलेले पिप त्याआधी काढावे लागतात, कारण थंडीने मीना तडकतो. आणि काढण्यापूर्वी प्रत्येकाची जागा आणि कल पट्टी ठेवून फोटोत टिपून घ्या.