वाक्याचं शेपूट

आज सांगलीत नाटकाच्या तालमीला बसलो होतो. सर नट, दिग्दर्शक आणि प्राध्यापक, तिन्ही. पण दिवसभर धरून बसले ते एकच: वाक्याचं शेपूट. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नेमका तिथेच नटाचा श्वास संपतो. ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’मधलं ‘नाहीत’ गिळलं, की पंधराव्या रांगेत अर्थ उलटाच पोचतो! ओरडून उपयोग नाही. आधी नाकाने श्वास, खांदे न उचलता, बरगड्या बाजूला फुगवून. लांब वाक्यात मध्येच एक चोरटा श्वास. आणि एक जण शेवटच्या खुर्चीत बसून ऐकू आलेली क्रियापदं वहीत लिहिणार. सुटलं की वाक्य पुन्हा.

पाठांतर आधी उरकलं तर सूर घट्ट बसतो, मग मोडता मोडत नाही. म्हणून चार-पाच वाचनं झाली की संहिता हातात ठेवूनच हालचाली. चालायला सुरुवात प्रेक्षकांपासून लांबच्या पायाने, नाहीतर अंग मिटतं.

माईक? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ याच गावात केलं, तेव्हा कुठला माईक! उद्या दुसरा अंक, सकाळी नऊला.