समुद्र समोर, पाऊस गायब

नकाशा उघडला की माझी तंद्री लागते. सध्या चिलीच्या अंतोफागास्तावर अडकलोय. मकरवृत्ताजवळचं हे बंदर, समोर अथांग प्रशांत महासागर आणि वर्षभरात पाऊस जेमतेम काही मिलिमीटर! पाठीशी अटाकामाचं वाळवंट.

जवळपास त्याच अक्षांशावर, खंडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर ब्राझीलचं सांतोस. तिथे मात्र २००० मिलिमीटरच्या वर कोसळतो.

अंतोफागास्तासमोरून हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो. पाण्यालगतची हवा गार आणि जड, तिच्यावर उबदार हवेचं झाकण. ढग वर चढणार कसा? धुकं मात्र डोंगरांवर येऊन थडकतं. उत्तर चिलीत काही ठिकाणी बारीक जाळ्या ताणून त्यातून चक्क पाणी गोळा करतात. भन्नाट डोकं! शहराची तहान मात्र मुख्यतः खारं पाणी गोडं करूनच भागते.